मिडविचचीं परकीं मुलें

कोकिळा कावळ्याच्या घरट्यांत अंडीं घालते आणि कावळी तीं आपलीं समजून उबविते, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाहि ठाऊक असते. इंग्लंडांतील कुकू पक्ष्याची रीतहि तीच. घरटीं मात्र दुसऱ्या पांखरांचीं. या साध्या निसर्गनियमावर जॉन विंडम या इंग्रज लेखकानें १९५७ सालीं ‘द मिडविच कुकूज’ ही कादंबरी उभारली. हिच्यांत रक्त थोडें सांडतें, तरी रात्रीं पुस्तक मिटवत नाहीं.

मिडविच हें आडबाजूचें खेडें. सप्टेंबरांतील एके दिवशीं अख्खें गांव निश्चेष्ट पडतें व दुसऱ्या दिवशीं जागें होतें. पुढें कळतें कीं, मातृत्वाच्या वयांतील जवळजवळ प्रत्येक स्त्री गर्भवती आहे. जन्मास येतात तीं मुलें सुदृढ, देखणीं, सोनेरी डोळ्यांचीं.

यानंतरचा एक प्रसंग शिक्षकाला तर विसरतांच येणार नाहीं. झेलबी नांवाचा वृद्ध विद्वान खाऊ ठेवलेली कोड्याची लाकडी पेटी एका मुलाला उघडावयास शिकवितो. दुसऱ्या मुलापुढें ती ठेवतांच, न शिकवितां, तोहि उघडतो! मुलींना तें साधत नाहीं. पण त्यांतील एकीला शिकवावें, कीं साऱ्याजणींना येतें. एकाला शिकवून वर्गाला यावें, हें कोणत्या गुरुजींचें स्वप्न नसतें? तें खरें झालेलें पाहून अंगावर कांटा येतो.

पुढें या मुलांना इजा करणारा वांचत नाहीं. त्यांच्या इच्छाशक्तीपुढें माणूस स्वतःचाच घात करतो. परंतु तीं दुष्ट नाहींत. आम्हांस जगावयाचें आहे, एवढेंच त्यांचें म्हणणें, आणि तें तीं शांतपणें मांडतात. कथेंतील एक रशियन गांव अशा मुलांसकट, निरपराध रहिवाशांसकट, तोफेनें उडविलें जातें. मग कायदा मानणाऱ्या, मुलांवर हात न उगारणाऱ्या समाजानें काय करावें?

झेलबीचीं लांबलचक व्याख्यानें मधून मधून कंटाळा आणतात. आणि ज्यांच्या उदरीं हें संकट वाढलें त्या मातांचें मन लेखकानें फारसें उघडलें नाहीं, ही खरी उणीव. १९६० सालच्या ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ या चित्रपटांत मुलांचे डोळे चकाकतात. पुस्तकांतील धाक डोळ्यांत नाहीं. मुलांचा विश्वास आहे तो झेलबीवर; त्यांना शिकविणारा, त्यांच्याशीं बरोबरीनें बोलणारा तोच. अखेरीस तो चित्रपट दाखविण्याचें यंत्र व जड पेट्या मोटारींत घालून त्यांच्याकडे निघतो, आणि मुलें आनंदानें सामान उतरवून घ्यावयास पुढें येतात.