नांगराचा दोर



मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतून समुद्र दिसत नाहीं. परंतु विहिरीवरील मोट आपल्या वडिलांस ठाऊक होती. मोटेचा नाडा चाकावर जेथें नित्य घासे, तेथेंच तो झिजे. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील आमच्या कोळी बांधवांच्या होड्यांसही हाच नियम लागू आहे. नांगरलेली होडी लाटांवर अखंड डोलते, आणि दोर काठावर एकाच जागीं घासत राहतो. तो तुटला, तर निजलेल्या माणसांसह होडी खडकावर जाते.

उपाय सोपे आहेत, म्हणून आम्ही ते सांगतों. काठ गुळगुळीत ठेवावा. घासण्याच्या जागीं दोरास कातडें किंवा जाड किंतान गुंडाळून घट्ट बांधावें. नायलॉनचा दोर वादळांत ताणानें आंतून तापतो. त्यास पाणी झिरपूं देणारें वेष्टण बरें. तळ खडकाळ असल्यास नांगराकडील भाग सांखळीचा असावा. मधूनमधून हातभर दोर सोडावा, म्हणजे काठावर नवी जागा येते. आणि रात्रीं उठून तो हातानें चाचपावा.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आशेस जिवाचा नांगर म्हटलें आहे. नांगर दृढच आहे. दोराची राखण मात्र आपणांकडे आहे.