चांद्याच्या तुरुंगातील पिंपळ

(मुलचेरा येथील विहारात वर्षावासाच्या अखेरीस केलेले भाषण)



येत्या १६ ऑक्टोबरला आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातील. १९५६ साली नागपूरच्या दीक्षासोहळ्यानंतर दोनच दिवसांनी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या शहरात धम्मदीक्षा दिली, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु त्याच शहरात, त्यानंतर पाचच दिवसांनी येणारी दुसरी एक तारीख आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके ह्यांस पिंपळाच्या झाडाला फाशी देण्यात आले. ते मोलमपल्लीचे, म्हणजे आपल्याच ह्या अरण्यप्रदेशातील गोंड जमीनदार. वय अवघे पंचवीस.

परदेशी अशा स्थळांची संग्रहालये झाली आहेत. कंबोडिया हा बुद्धाला मानणारा देश. तेथे १९७५ ते १९७९ ह्या काळात राज्यकर्त्यांनी विहार ओस पाडले, भिक्खूंची चीवरे उतरविली आणि राजधानीतील एका शाळेचा छळतुरुंग केला. आज त्या शाळेच्या खोल्यांतून मारल्या गेलेल्यांची छायाचित्रे भिंतीभर लावलेली आहेत. आपल्या देशातही अंदमानचा तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला. चांद्याचा तुरुंग मात्र आजही तुरुंगच आहे. तेथे तिकीट नाही, काचेची कपाटे नाहीत आणि मनात येईल तेव्हा आत जाता येत नाही. २१ ऑक्टोबरला आदिवासी बांधव तेथे अभिवादनासाठी जमतात. एके वर्षी नातवाला घेऊन मीही गेलो होतो.

वाटेत नातवाने विचारले, “आजोबा, दोर तीनदा तुटला म्हणतात, ते खरे काय?” ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मी त्याला म्हणालो, दोर आपोआप तुटत असता तर त्या तरुणाच्या धैर्याला अर्थ काय राहिला? दोर तुटत नाही हे ठाऊक असूनही जो मागे फिरला नाही, तो मोठा. मुलाचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. त्याला चमत्कारच अधिक आवडला असावा!

१८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी वारले आणि पुढील वर्षी चांद्यासह सारे राज्य इंग्रजांनी घेतले. जंगलातील माणसाला न विचारता त्याचा धनी बदलला. १८५८ च्या मार्चपासून बाबूरावांनी उघड लढा दिला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. तेही मुलांना सांगावे. अर्धी गोष्ट सांगून इतिहास होत नाही. आणि बाबूरावांस इंग्रजांच्या स्वाधीन कोणी केले, तेही सांगावे. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई ह्यांनी. सत्तेला नेहमी आपल्यातीलच एक हात लागतो. व्यंकटराव बस्तरात निसटले, पुढे पकडले गेले व त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

आता आपल्या घरातील प्रश्नाकडे येतो, कारण ह्यावरून आपल्यात कुरबूर झाली आहे. काही तरुण म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर झाडापुढे फूल वाहायचे कशाला? काही वडीलधारे म्हणतात, पिंपळ तर आपलाच बोधिवृक्ष, नारळ फोडला तर बिघडले काय? माझ्या मते दोघेही चुकतात. बोधिवृक्षाखाली सिद्धार्थाला ज्ञान झाले, ह्या पिंपळाला एक माणूस टांगला गेला. जात एक म्हणून दोन्ही झाडे एक होत नाहीत. फूल ठेवावे, पण मागणे मागू नये. आणि तो दिवस आपल्या गोंड शेजाऱ्यांचा आहे, हे विसरू नये. त्यांच्या रीतीला नावे न ठेवता आपण बाजूला, शांत उभे राहावे.

मी उभा होतो तेव्हा मनात एकच गोष्ट घोळत होती. बाबूरावांचे नाव राहिले, कारण ते जमीनदार होते. त्यांच्यामागे शेकडो गोंड, माडिया आणि रोहिले चालत होते. त्यांतील किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? सरकारी कागदात नेत्याचे नाव लिहितात, इतरांची संख्या लिहितात. आपल्या पूर्वजांचे तरी काय झाले? वेठबिगारीला नकार दिला म्हणून मार खाल्लेला, गाव सोडून गेलेला आजा प्रत्येक घरात असेल. त्याचे नाव घरातील म्हातारीलाच ठाऊक, आणि ती अक्षर शिकलेली नाही.

परत आल्यावर मी शंभर पानांची एक वही आणली. ती विहारात ग्रंथांच्या कपाटात ठेवली आहे. आजवर तीत अकरा नावे आली, त्यांपैकी चार बायांची आहेत. चंद्रपूरची गाडी पहाटे सुटेल. वही मी बरोबर घेणार आहे. वाट लांबची आहे, म्हाताऱ्या माणसांना खिडकीजवळ बसवा आणि पेन्सिल असलेले एखादे पोर त्यांच्या शेजारी.