‘ळ’ची जागा

अंबरनाथ व बदलापूर यांच्या मधोमध चिखलोली आहे. तेथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या कचेरींत सभासदांचीं दप्तरें संगणकावर, ज्याच्या त्याच्या आडनांवाच्या फोल्डरांत ठेविलेलीं आहेत, असें समजा. काळे आपला कागद मागावयास येतात. शाळेंत शिकलेल्या वर्णमालेंत ‘ळ’ हा ‘ह’च्याहि पुढें, म्हणून कारकून ‘काशीद’च्या खालीं शोधतो. तेथें कांहीं नाहीं! काळ्यांचा फोल्डर ‘कावळे’ यांच्याहि वर जाऊन बसलेला असतो. ‘कागद सांपडत नाहीं’ हें ऐकून गृहस्थ परततात आणि वारसाची नोंद लांबणीवर पडते.

संगणक अक्षर जाणत नाहीं, अंक जाणतो. युनिकोडच्या कोष्टकांत ‘ल’चा अंक 2354, ‘ळ’चा 2355, ‘व’चा 2357 व ‘ह’चा 2361 आहे. (मधला 2356 मराठीस न लागणाऱ्या एका दाक्षिणात्य अक्षराचा.) भारतीय लिप्यांसाठीं 1988 सालीं ठरविलेल्या संकेतावरून ही मांडणी आली. पण हे अंक अक्षराच्या ओळखीपुरते आहेत. वर्णक्रमाचे नियम भाषावार निराळे लिहिलेले असून मराठीचेहि आहेत. ते न वापरतां प्रोग्राम लिहिणारा सरळ अंकांवर भागवितो. हा निव्वळ आळस होय.

‘इमारत 10’ ही ‘इमारत 2’च्या आधीं येते, तीहि अशाच यांत्रिक तुलनेमुळें. तेथें ‘02’ लिहून निभावतां येतें. आडनांव कसें बदलणार?

प्रोग्राम विकत घेण्यापूर्वीं काळे, कावळे, काशीद हीं तीन नांवें त्याजकडून क्रमानें लावून घ्यावीं. काळे शेवटीं आले, तरच पैसे द्यावे.