गोळी आणि सराव



ज्याला आपण बोलीत ‘जीव घाबरा होणे’ म्हणतो, त्या विकाराविषयी आज बोलावयाचे आहे. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, त्यासाठी कोणी वैद्य गाठत नाही. परंतु काही कारण नसता छाती धडधडू लागावी, हातापायांना मुंग्या याव्या, आता आपला शेवट आला असे वाटावे, आणि पुन्हा तसे होईल या धास्तीने माणसाने गाडीत बसणेच सोडावे, म्हणजे मात्र उपचार हवा. अशा माणसाचा कार्डिओग्राम चांगला निघाला की घरचे सांगतात, “काही झालेले नाही, मन घट्ट कर.” काही नाही कसे? हृदय ठीक आहे, एवढेच तो कागद सांगतो.

उपचार दोन. एक औषधाचा. दुसरा संवादाचा, ज्यात मनातले विचार तपासले जातात आणि भीतीसमोर उभे राहण्याचा सराव करविला जातो. यांत श्रेष्ठ कोणता, यावर आपल्याकडे हिरिरीने भांडणे होतात. मला त्या भांडणात रस नाही. दोन्ही एकत्र देता येतात. ते कसे जोडावेत, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयाने हे दोन्ही मार्ग पाहिले आहेत. तेथील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याच मुळीतून १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रिसर्पीन वेगळे काढण्यात आले आणि काही वर्षे ते जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरले गेले. आता ते मागे पडले आहे. त्याच रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वहिया यांनी १९७० नंतरच्या वर्षांत पतंजलींच्या विचारावर आधारलेली उपचारपद्धती तपासून पाहिली. तपासली, नुसती वाखाणली नाही, हे महत्त्वाचे. काही रुग्णांना संपूर्ण पद्धती दिली; इतरांना वरून तशीच दिसणारी, पण धारणा-ध्यान वगळलेली. पहिल्यांना अधिक गुण आला.

आता बाहेरचे दोन अभ्यास पाहू, कारण ते परस्परविरोधी वाटतात. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर संवाद आणि सरट्रालीन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुले बरीच सुधारली. केवळ संवादाने ६०, केवळ औषधाने ५५, आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने २४ टक्के. यावरून निकाल लागला असे वाटेल. परंतु २००० सालच्या अभ्यासात, अचानक भीतीचे झटके येणाऱ्या ३१२ प्रौढांमध्ये, निराळेच दिसले. उपचार चालू होते तोवर संवाद आणि इमिप्रामीन एकत्र घेणाऱ्यांचे बरे चालले होते. सारे थांबवून सहा महिने लोटल्यावर मात्र, ज्यांना संवादासोबत दिखाऊ गोळी मिळाली होती, त्यांचा गुण यांच्यापेक्षा अधिक टिकला.

असे का व्हावे? लालबागच्या एका कारकुनाची कल्पना करा. दादरच्या पुलावरच्या गर्दीला तो भितो. सदऱ्याच्या खिशात झटपट शांत करणारी एक गोळी बाळगतो आणि जिना चढण्यापूर्वी ती घेतो. पूल पार होतो. पण पार कोणी केला? त्याचे मन म्हणते, गोळीने. उद्या गोळी विसरली की तो पहिल्या पायरीवरून परत फिरणार.

या झटपट गोळ्यांची जात लिब्रियमपासूनची, म्हणजे १९६० पासूनची. तात्काळ आराम देतात म्हणूनच त्या फसव्या. नियमित घेतल्यास काही आठवड्यांत सवय जडू शकते, आणि एकाएकी सोडल्यास थरथर, निद्रानाश, क्वचित फेफरेही येते. जुनी चिठ्ठी दाखवून त्या आणवून घेण्याची आपल्यातली रीत मला भयंकर वाटते. सरट्रालीनसारखी रोजची औषधे वेगळी. त्यांचा गुण दिसू लागायला दोन ते सहा आठवडे लागतात. तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावयाची असतात. पण भीतीची लाट ती इतपत खाली आणतात की सरावाला सुरुवात करता यावी.

सराव म्हणजे काय? आपला कारकून पहिल्या दिवशी दुपारी, गर्दी नसता, जिन्याच्या तळाशी उभा राहतो. भीती चढते, आणि पळून न गेल्यास काही वेळाने उतरते. हे उतरणे त्याने स्वतः अनुभवावयाचे असते. नंतर सोबत्याबरोबर पूल, मग एकट्याने, आणि अखेरीस संध्याकाळी सहाला. दरवेळी वहीत लिहावयाचे: काय होईल वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले. औषध कमी होऊ लागले की ही वही बंद करू नये. उलट त्याच काळात भेटी चालू ठेवाव्या, म्हणजे औषधावाचूनही पूल ओलांडता येतो, हे त्याच्या ध्यानात येते.

अडचण माणसांच्या संख्येची आहे. सरकारी-महापालिकेच्या बाह्यरुग्ण विभागात रांग एवढी की चिठ्ठी लिहिण्यापुरता वेळ मिळतो, आणि चाळीतल्या एका खोलीत सातजणांच्या देखत मनातले बोलणार कोण? दूरध्वनीवरून निदान पहिले बोलणे करता येते: ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांकडे गेल्यावर मात्र तीन गोष्टी अवश्य विचारा. हे औषध झटपटचे की रोजचे? ते कधी आणि कोणाच्या देखरेखीखाली कमी करावयाचे? आणि औषध देणारे व समुपदेशन करणारे निराळे असतील, तर ते दोघे एकमेकांशी बोलतात काय?