शेताची वही
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिशेबतपासनिसाला भाषणाला उभे करणे जोखमीचे असते. त्याला बोलायची सवय नसते आणि बोलला तर आकडेच बोलतो. पण चिटणीस साहेबांनी आग्रह धरला, आणि मलाही तुमच्यापुढे एक कबुली द्यायची होती, म्हणून आलो.

गावाबाहेर ओढ्याच्या काठी संस्थेची चार एकर जमीन आहे, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. एका नेक गृहस्थांनी मुलांच्या तालीमसाठी ती दिली. तिच्यात हापूसची कलमे आहेत, एक विहीर आहे. ही कलमे आपण दरसाल कंत्राटाने देत आलो. रक्कम आली, पावती फाडली, जमेला लिहिली. खर्चाच्या बाजूला राखणदाराचा पगार आणि कुंपणाची डागडुजी. बारा वर्षे या हिशेबावर माझी सही आहे, आणि बाराही वर्षे शेत नफ्यात आहे.

त्याच बारा वर्षांत एकोणीस कलमे वाळली. झाडांना औषध पाजून मोहोर ओढून घेतला गेला, पण बुंध्याशी शेणाची एक पाटी कोणी टाकली नाही. पूर्वी मे महिन्यापर्यंत पुरणारी विहीर मार्चमध्ये तळ दाखवू लागली. पावसाळ्यात ओढा लाल होऊन वाहतो, तेव्हा आपलीच माती वाहत असते. यातले काहीही माझ्या कागदावर आले नाही. बेरीज चुकली नव्हती, पावत्या होत्या, बँकेची शिल्लक जुळत होती. तरी मी सही केलेला तो ताळेबंद खरा नव्हता. आपण मूळ विकून खात होतो आणि मी त्याला उत्पन्न म्हणत होतो.

भांडवल आणि उत्पन्न यांतला हा फरक वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्गात शिकवतात. आपल्या घरात तो त्याहून जुना आहे. हजरत उमर यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे हे विचारायला ते हुजूरे अकरम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्याकडे गेले. सल्ला मिळाला तो असा की मूळ जमीन राखावी आणि तिचे फळ खैरात करावे. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशाने वाटायची नाही. तिची देखभाल करणाऱ्याने तिच्यातून रीतसर खावे, मात्र साठवू नये. वक्फच्या कल्पनेचा हा पाया आहे. आणि सूरह बकराची 282 वी आयत, जी कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. ज्यांना हिशेब हे कारकुनी काम वाटते त्यांनी याचा विचार करावा.

आता एका हिशेबनिसाची गोष्ट सांगतो. विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे: जे. सी. कुमारप्पा. 1892 साली तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. मग अमेरिकेत जाऊन सिरॅक्यूज आणि कोलंबिया या विद्यापीठांत शिकले. हिंदुस्थानची गरिबी आणि सरकारचा जमाखर्च यांचा संबंध शोधताना त्यांचे डोळे उघडले. 1929 साली साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि गांधीजींनी त्यांना खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला पाठवले. पेढ्यांच्या वह्या तपासणारा माणूस शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च लिहू लागला.

1934 च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. स्वयंसेवकाच्या जेवणाला रोजचे ठरावीक आणे, त्यावर एक पैसा नाही. खुद्द गांधीजींच्या परिवाराचा जादा खर्चही निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला, असे त्यांच्याविषयी सांगतात. आपल्या संस्थांच्या खजिनदारांनी ही गोष्ट फ्रेम करून लावावी असे मला वाटते. असो.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, मैल्याचे आणि काडीकचऱ्याचे खत हे सारे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. 1942 नंतरच्या तुरुंगवासात त्यांनी आपले मुख्य पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ टिकाऊपणाचे अर्थशास्त्र असा होतो. त्यातला विचार मी माझ्या शब्दांत सांगतो. वाघ शिकार मारून खातो. माकड आंब्याच्या बागेत शिरून फळे खाते, बाग लावत नाही. मधमाशी मध घेते आणि घेता घेता फुलाचे काम करून जाते. माणसाच्या उद्योगाचेही असेच प्रकार पडतात. दुसरे त्यांनी असे दाखवले की काही संपत्ती साठ्याची असते, जशी खाणीतली, आणि काही वाहती असते, जशी दरसालच्या पिकाची. साठ्यावर जगणारा एक दिवस रिकामा होतो. आपण आपल्या चार एकरांत माकड झालो होतो, आणि वाहत्या संपत्तीला साठा करून उपसत होतो.

वर्ध्यालाच 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे 1967 साली राष्ट्रपती झाले. ख्वाजा गुलाम सय्यदैन तिच्यात होते, आणि आमचे हिशेबनीस कुमारप्पाही होते. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून, एखाद्या हातकामाभोवती शिक्षण द्यावे, अशी ती योजना होती. हातकामांत शेतीही होती. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे हातकामाला दिली होती.

मुस्लिम लीगने त्या योजनेवर त्या वेळी कडक टीका केली. दीनी तालीमला तीत जागा नव्हती ही मोठी तक्रार होती, आणि ती तक्रार बिनबुडाची होती असे मी म्हणणार नाही. दुसरा आक्षेप आजही तुमच्या मनात आहे. मागच्या सभेत एका भगिनीने तो उभे राहून विचारला: आम्ही उपाशी राहून मुलांना शाळेत घालतो ते कुदळ धरायला का? कुदळ तर त्यांच्या आजोबांच्या हातातही होती.

प्रश्न रास्त आहे. झाकीर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला होता की कमाईच्या बाजूवर फार भर दिला तर शिक्षण मागे पडेल. मुलांच्या फुकट मेहनतीवर शेत नफ्यात दाखवणे सोपे असते. ही चोरी पकडायला हिशेबनीस लागतो.

गेल्या वर्षापासून आपण शेत कंत्राटाने देणे थांबवले, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याच शाळेतून शिकून गेलेली तीन मुले, दोन मुलगे आणि एक मुलगी, आज शहरात हिशेबाच्या व्यवसायात आहेत. महिन्यातला एक रविवार ती इथे येतात, प्रवासखर्चही घेत नाहीत. त्यांनी ठरवलेला पहिला नियम असा: विद्यार्थ्याने शेतात जेवढे तास काम केले, त्याला मजुराचा दर लावून ती रक्कम खर्चाच्या बाजूला लिहायची. पैसा कोणाला जात नाही, पण शेत खरोखर कोणाच्या जिवावर उभे आहे ते कळते. खणणे-वाहणे यासारखी जड कामे मजुरीने करून घ्यायची. आठवड्याला दोन तासांवर एकाही मुलाचे नाव हजेरीत दिसले, तर वहीत लाल शाई.

दुसरा प्रश्न भाजीचा निघाला. शेतातली वांगी, भेंडी, लाल माठ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जातात. कोणत्या भावाने लिहायची? किरकोळ भावाने लिहिली तर शेत फुगते आणि वसतिगृह तोट्यात जाते. फुकट लिहिली तर उलट. शेवटी त्या दिवशीचा बाजारातला घाऊक भाव धरायचे ठरले. तो आणायला नववीचे दोन विद्यार्थी पाळीने जातात. शेकडेवारीचा धडा त्यांना पुन्हा शिकवावा लागला नाही, असे गणिताचे सर सांगतात.

तिसरी वही पैशांची नाहीच. तिला मुले ‘मातीची वही’ म्हणतात. दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजायचे. ठरलेल्या जागी एक फूट लांब-रुंद माती खणून गांडुळे मोजायची. खताचे वजन लिहायचे. खत आपण इंदूर पद्धतीने करतो. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेतील कामावर 1931 साली पुस्तक लिहिले, त्यात ही पद्धत आहे. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, अधूनमधून परतायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. मोहल्ल्यातल्या भगिनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणून देतात आणि जाताना भाजी नेतात. त्याचीही नोंद आहे. वुजूचे पाणी चर काढून केळीला सोडले आहे. पावसाच्या सुरुवातीला ताग पेरला आणि फुलावर आल्यावर मातीत गाडला. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि मूळ उपटून पाहणे वेगळे.

मातीचा नमुनाही घेतला. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून सहा इंच खोलीपर्यंतची माती, अशी वेगवेगळ्या जागची एकत्र करून, चार भाग पाडत पाडत अर्धा किलो राखायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. 2015 साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून बारा गोष्टी तपासतात. आमची मुले त्यातला सेंद्रिय कर्बाचा आकडा ताळेबंदाला जोडणार आहेत. जनावरांच्या आणि झाडावरच्या फळाच्या मूल्यांकनाला हिशेबाची मानके आहेत. मातीच्या सुपीकतेला रकाना नाही. नसेल तर आपण जोडपत्र लावू.

आता कडू भाग. पहिल्या वर्षी शेत तोट्यात आहे. एका विश्वस्तांनी सुचवले की आलेल्या देणग्यांतली थोडी रक्कम शेतीच्या उत्पन्नात दाखवावी, म्हणजे सभेत बरे दिसेल. त्या मुलीने नम्रपणे पण साफ नकार दिला. ती म्हणाली, चाचा, देणगी ही देणगीच लिहिली जाईल. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बारा वर्षे जे मी विचारायला हवे होते ते तिने पहिल्याच वर्षी विचारले.

तोटा का, तेही सांगतो. कंत्राटाची रक्कम गेली. बांधबंदिस्तीचा खर्च एकदम आला. तो अनेक वर्षांवर विभागता येईल. वाळलेल्या कलमांच्या जागी नवी लावली आहेत. ती फळ द्यायला वर्षे घेतील. दोन-तीन साल असेच जातील, त्याहून लवकर नफा होईल असे मी कोणाला वचन देत नाही. तोवर देखभालीचा पैसा कोठून यायचा हे आजच्या सभेने ठरवायचे आहे.

कारण दुसरा प्रस्ताव टेबलावर आहे. ती जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली गेली आहे, आणि रक्कम मोहात पाडणारी आहे. दोन नवीन वर्गखोल्या त्यातून होतील. वर्गखोल्यांची गरज मी नाकारत नाही. माझी नात व्हरांड्यात बसून शिकते. पण कायदा लक्षात घ्या. आपली संस्था सार्वजनिक न्यास आहे. महाराष्ट्राच्या 1950 च्या न्यास कायद्याप्रमाणे शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि हे न्यासाच्या हिताचे आहे असे दाखवावे लागते. ते हित कशाने मोजणार? माझ्या बारा वर्षांच्या ताळेबंदांनी मोजाल, तर पट्टा फायद्याचाच दिसेल. म्हणून मी माझ्या सहीचे ते कागद आज तुमच्यासमोर नाकारत आहे. निर्णय घेण्यापूर्वी मातीची वही वाचा, एवढीच विनंती.

वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना एक शब्द. सनदी लेखापालाची परीक्षा अवघड आहे, पण आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरची नाही; ती तिघे याच बाकांवर बसली होती. इंग्रजीला घाबरू नका. वही आजच लिहायला घ्या, घरच्या दुधाची का असेना.

येत्या रविवारी अस्रच्या नमाजानंतर आम्ही विहिरीपाशी जमणार आहोत. ताळेबंद आणि मातीची वही दोन्ही तिथे उघडी असतील. कोणीही पाने उलटावीत, प्रश्न विचारावेत. आणि हो, आपला वजनकाटा बिघडला आहे. कोणाच्या घरी चांगला असेल तर येताना घेऊन या. काटा परत केल्याची नोंद तुमच्यासमोर होईल.