कारखान्यातील भगिनींचे मनोबल

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे गादीवर बसलेला कापड-व्यापारी. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही कार्यकारिणीने ‘कामगार स्त्रियांचे मानसिक सक्षमीकरण’ हा विषय माझ्याकडे सोपविला, याचे कारण आमच्या दुकानाच्या माडीवर शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे आणि तेथे चौदा भगिनी काम करतात. या विषयावर बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे शेवटी आपणच ठरवावे.

स्त्रीच्या मनोबलाची गोष्ट निघाली की आपण तिच्या सहनशीलतेचे गोडवे गाऊ लागतो. मला ही सवय घातक वाटते, कारण सोसणाऱ्या स्त्रीचे कौतुक केले की तिला सोसावे का लागते, हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

मुंबईतील गिरण्यांच्या इतिहासात याहून वेगळे उदाहरण सापडते. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गिरणी कामगारांची सभा भरविली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यांच्यासमोर दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. रविवारच्या सुटीची मागणी त्याच वर्षी मान्य झाली.

योगायोग असा की, तारीख तीच, पण वर्ष २०१३. ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ जीव गेले. त्यांत बहुसंख्य तयार कपडे शिवणाऱ्या स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या होत्या. खालची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या मजल्यांवरील कामगारांना मात्र वेतन बुडण्याचा धाक घालून आत धाडण्यात आले. भेगा त्यांनाही दिसत होत्या. ‘आम्ही आत जाणार नाही’ एवढे चार शब्द उच्चारण्याची सोय त्यांना नव्हती.

आता आपल्या देशातील एक प्रयोग सांगतो. कपड्यांच्या व्यवसायातील ‘गॅप’ या अमेरिकन कंपनीने २००७ साली कामगार स्त्रियांसाठी ‘पेस’ नावाचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. त्यात शिवणकाम शिकवीत नाहीत. आपले म्हणणे नीट मांडावे कसे, अडचण सोडवावी कशी, वेळेचे आणि मनावरील ताणाचे नियोजन कसे करावे, हे शिकवितात. बंगळूर येथील ‘शाही एक्स्पोर्ट्स’च्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम या अर्थशास्त्रज्ञांनी या वर्गाची कसोशीने पारख केली. इच्छुक स्त्रियांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काहींना प्रशिक्षण दिले, काहींना दिले नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना केली. प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या, नवे कौशल्य शिकण्यास पुढे आल्या. त्यांची उत्पादकता १३.५ टक्क्यांनी अधिक भरली. वर्ग संपल्यानंतर आठच महिन्यांत कंपनीला खर्चावर २५६ टक्के निव्वळ परतावा मिळाला.

सभागृहातील व्यापारी बंधूंचे चेहरे खुललेले मला दिसत आहेत! परंतु हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. त्या स्त्रियांचे वेतन किती वाढले? अवघा अर्धा टक्का. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाची नजर याच ओळीवर अडकते. जिच्या मनाने हा नफा मिळवून दिला, तिच्या खात्यावर अर्धा टक्का जमा करावा आणि त्याला सक्षमीकरण म्हणावे, हे माझ्या वहीत बसत नाही.

यांपैकी दोघा अभ्यासकांचा सहभाग असलेले आणखी एक संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. पगारवाढ अपेक्षेहून कमी झाली त्या वेळी काही कामगारांना, नाव न सांगता, कामाविषयी आणि पर्यवेक्षकाविषयी मत देण्याची संधी देण्यात आली. त्यांच्यात काम सोडून जाण्याचे आणि गैरहजेरीचे प्रमाण घटले. केवळ कोणीतरी विचारले म्हणून!

हे वाचले तेव्हा मला आमच्याकडील एक भगिनी आठवल्या. नऊ वर्षे त्यांनी आमच्या कारखान्यात कॉलर शिवली. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. एका सोमवारपासून त्या आल्या नाहीत. दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले असतील, असे समजून मी विषय सोडून दिला. काही वर्षांनी एस.टी. स्थानकावर त्यांची भेट झाली, तेव्हा कारण विचारले. त्या म्हणाल्या, “शेठ, पैशांचं नव्हतं. मास्तर सगळ्यांदेखत शिवलेलं कापड अंगावर फेकायचे. तुम्हाला सांगायचं तर गल्ल्यापर्यंत यावं लागायचं, आणि गल्ल्यासमोर कायम गिऱ्हाईक.”

माडीवरून गल्ल्यापर्यंत पंधरा पायऱ्या आहेत. त्या पंधरा पायऱ्या नऊ वर्षांत त्यांना उतरता आल्या नाहीत, आणि मला चढता आल्या नाहीत. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, असा २०१३ चा कायदा आहे. आमच्याकडे ती समिती कागदावरदेखील नव्हती, हेही कबूल करतो. आता ती आहे.

मास्तरांना मी सर्वांसमोर बोललो नाही. ज्या चुकीबद्दल बोलायचे तीच चूक करण्यात अर्थ नव्हता. गल्ला बंद झाल्यावर दोघेच बसलो. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी माडीवर अर्धा तास चहा होतो. तेथे मास्तर नसतात, मीही नसतो. त्यांच्यातील एक जण वहीत लिहिते, नावे घालत नाही. पहिल्या पानावर मजुरीची मागणी असेल अशी माझी अटकळ होती. लिहिले होते, “संडासाच्या दाराची कडी तीन वर्षांपासून तुटलेली आहे.” मजुरी दुसऱ्या पानावर आली. कॉलरचा दर वाढविला. काज-बटणाच्या दरावर अजून आमचे एकमत झालेले नाही.

त्या भगिनींना मी परत येण्याची विनंती केली होती. त्यांनी नम्रपणे नकार दिला. घरीच त्यांनी दोन मशिने टाकली आहेत. यंदा जूनच्या हंगामातील कॉलरचे काम मी त्यांच्याकडे पाठविले. भाव त्यांनी सांगितला, आणि चाळीस वर्षांत प्रथमच मी घासाघीस केली नाही.