शालिनीताई मोघे : निवृत्ती न घेतलेल्या शिक्षिका



‘निवृत्त’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर सरकारी दप्तराचे. तेथे वयाची ठरलेली वर्षे भरली की हार, नारळ आणि निवृत्तिवेतन हाती पडते. दुसरे घर परमार्थाचे. तेथे ज्ञानदेवांच्या थोरल्या बंधूंचे नावच निवृत्ती आहे आणि संसारातून मन काढून घेणे ही आयुष्याची इष्ट परिणती मानली जाते. इंदूरच्या शालिनीताई मोघे यांचे ९७ वर्षांचे आयुष्य या दोन्हींपैकी कोणत्याच घरी मुक्कामाला उतरले नाही. त्यांची जी काही उपासना होती, ती अडीच-तीन वर्षांच्या मुलासमोर जमिनीवर बसून चालली.

त्यांचा जन्म इंदूरचा, १३ मार्च १९१४ चा. वडील विनायक सीताराम सरवटे, म्हणजे इंदूरकरांचे तात्या सरवटे. संविधान सभेचे ते सदस्य होते. पण मराठी ग्रंथालयात त्यांची ओळख ‘मराठी साहित्य समालोचन’ या ग्रंथाने करून द्यावी, हेच शोभेल. आज इंदुरात दररोज असंख्य प्रवासी ‘सरवटे’ हे नाव घेतात, ते बसच्या थांब्याचे म्हणून. ते कोणाचे, याची चौकशी त्यांतले फार थोडे करीत असतील. अशा घरात वाढलेल्या मुलीला ग्रंथांचा आणि लोककार्याचा वारसा आयता मिळाला. परंतु वारसा मिळणे आणि तो आपल्या हाताने वेगळ्या जमिनीत लावणे यांत अंतर आहे. पित्याने राज्यघटनेच्या आणि वाङ्मयाच्या विस्तीर्ण प्रांतात काम केले. कन्येने ज्यांना अजून अक्षरही येत नाही, त्यांचा प्रांत निवडला.

ही निवड त्या काळी प्रतिष्ठेची खचितच नव्हती. लहान मुलांना सांभाळणे हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे काम, त्याला शास्त्र कसले, असा समज सुशिक्षितांतही पक्का होता. मूल सहा वर्षांचे झाले की शाळेत घालावे, पाटीवर श्री काढून द्यावा आणि मग छडी काय शिकवायचे ते शिकवील! या समजाला पश्चिम भारतात पहिला मोठा धक्का भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराने दिला. १९२० पासून गिजुभाई बधेका आणि पुढे त्यांच्यासह ताराबाई मोडक यांनी तेथे माँटेसोरी पद्धतीला भारतीय वेष दिला. खुद्द मारिया माँटेसोरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम येथे लांबला. त्यांच्या शिकवणीचे वारे देशभर वाहत होते, त्या दिवसांत, १९४४ साली, तिशीतल्या शालिनीताईंनी कराचीला शिक्षणाची पदविका मिळवली. त्यानंतर तीनच वर्षांनी कराची परदेशात गेली. तेथून आणलेली विद्या मात्र इंदुरात रुजली. १९४७ साली त्यांनी बालनिकेतन संघाची स्थापना केली. मध्य प्रदेशातील माँटेसोरी शिक्षणाचा आरंभ त्यांच्याच शाळेपासून मानला जातो.

त्या पद्धतीत शिक्षिकेने काय करायचे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. तिने पुष्कळसे करायचे नसते, हीच त्यातली अवघड गोष्ट. लाकडी दट्ट्या मुलाने चुकीच्या खाचेत घातला, तरी तिने हात पुढे करायचा नाही; शेवटी एक दट्ट्या उरतो आणि चूक मुलाला आपली आपणच कळते. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतताना सांडले, तर रागवायचे नाही. फडके कुठे आहे ते मुलाला ठाऊक असते. खरखरीत कागदाचे अक्षर बोटाने गिरवता गिरवता डोळ्यांच्या आधी हाताला ओळखीचे होते. आपल्याकडच्या आयांना आणि आज्यांना हे स्वस्थ बसणे किती जड गेले असेल! मुलाच्या तोंडात घास घालण्यात ज्यांचे प्रेम साठलेले, त्यांना ‘त्याचे त्याला जेवू द्या’ हे सांगणे म्हणजे घराच्या एका जुन्या श्रद्धेला हात घालणेच होते. बालशिक्षणाचा झगडा सरकारी कचेरीत जितका झाला, त्याहून अधिक स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी झाला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या कामाला माणसे लागतात, आणि ती तयार मिळत नाहीत. म्हणून बालनिकेतनने मुलांबरोबर त्यांना शिकवणाऱ्या स्त्रियाही घडवल्या. शहरातील सुस्थित घरांपुरतीच ही पद्धत राहती, तर तिची किंमत एका चांगल्या शाळेइतकीच झाली असती. शालिनीताईंचे मोठेपण येथे आहे, की संस्थेचे काम झाबुआकडच्या आदिवासी मुलखापर्यंत गेले. १९७४ मध्ये त्यांनी साठी गाठली. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी पोहोचला. ज्या वयात इतरांच्या हाती जपमाळ येते, त्या वयात त्यांच्या क्षेत्राचा पसारा असा कैक पटींनी वाढला.

मानसन्मान आले. १९६६ मध्ये तात्यांना पद्मभूषण मिळाले होते. १९६८ मध्ये लेकीला पद्मश्री मिळाली. १९९२ चा जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना महिला व बालकल्याणाच्या कार्यासाठी लाभला, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या.

होळकरांचे संस्थान, १९४८ चा मध्यभारत आणि १९५६ चा मध्य प्रदेश अशा तीन राजवटी त्यांनी एकाच शहरात पाहिल्या. ३० जून २०११ रोजी, शाळांचे नवे वर्ष उजाडण्याच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले. बालनिकेतनला तेव्हा ६४ वर्षे झाली होती. म्हणजे पहिल्या तुकडीत दट्ट्यांशी खेळलेली मुलगी आपल्या नातवंडाचे बोट धरून त्याच दारात उभी राहू शकेल, एवढा काळ.